सरासरीच्या पोटात

"आई, मी नोकरी सोडायचं म्हणतेय," ती म्हणाली.

"छान," आई हसून म्हणाली. "छान झालं." आणि तिने भाजीचं भांडं पुढे सरकवलं.

तिचा घास हातातच राहिला. हे एक वाक्य तिने कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. आई काय म्हणेल याचे अंदाज बांधून झाले होते. चिडेल, नाहीतर गप्प बसेल, नाहीतर बाबा गेले तेव्हा आपण कोर्टातली नोकरी कशी चिवटपणे टिकवली ते पुन्हा ऐकवेल. 'छान' त्यात कुठेच नव्हतं. तिने आईकडे नीट पाहिलं. आई तिच्या ओठांकडे बघत होती. ओठ थांबले की आईची मान हलायची, आणि मान हलवताना डोळ्यांत एक सावध, समंजस चमक असायची. समोरचा गाणं म्हणतोय हे कळतं पण चाल ओळखीची नाही, अशा माणसाच्या डोळ्यांत असते तशी. पुढे जे केलं ते करायला नको होतं, हे करतानाच तिला कळत होतं. "आई," ती त्याच सुरात म्हणाली, "उद्या मी चंद्रावर जाणारेय." "हो, जाऊन ये की," आई म्हणाली. "छत्री घेऊन जा पण." तिला हसू फुटलं. आईच्या पांढऱ्या केसांची बट कानामागे नीट सारलेली होती आणि कान रिकामा होता. कानाचं मशीन तिला नंतर मधल्या खोलीतल्या कपाटात सापडलं. जुन्या चष्म्यांच्या, रबरांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या सोबतीला, आपल्या डबीत, कोरं करकरीत.

सकाळी ऑफिसला जाताना ती मागे मागे मोजत गेली. मशीन मिळालं ते हिवाळ्याच्या सुरुवातीला. तेव्हापासून घरात शांतता होती आणि ती शांतता तिने सुख समजून घेतली होती. पूर्वी टीव्हीचा आवाज जिन्यात ऐकू यायचा, एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची, तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चिरका व्हायचा आणि मग दोघी रुसून आपापल्या खोलीत. मशीन आलं आणि हे सगळं थांबलं. ती रोज संध्याकाळी टेबलाशी बसून दिवसभराचं सांगायची आणि आई हसून मान हलवायची. भावाला तिने फोनवर सांगितलंही होतं, "अरे, आई किती निवांत झालीय." म्हणजे इतके महिने मी बोलत होते कुणाशी? हा प्रश्न मनात आला आणि रस्त्यावरचे सगळे आवाज एकदम अंगावर आले: कुणाचं तरी लोखंडी शटर वर जातानाचा खडखडाट, बसच्या दाराची फुसफुस, मागून येणाऱ्या बाईच्या चपलेचा चटक-फटक. आई कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार पुटपुटो, वकील भांडो, न्यायाधीश मिशीत बोलोत, आईच्या पेन्सिलीतून कुणी सुटत नसे. शनिवारी आईबरोबर ती कोर्टात जायची, मागच्या बाकावर पाय हलवत बसायची, आणि तिला वाटायचं की जगात बोललेलं सगळं शेवटी आईच्या कानात जाऊन सुखरूप राहतं. तोच कान आता माणसांना नुसतं हसून वाटेला लावत होता. आणि मशीन घेतलं त्या दिवशी काय झालं होतं? केंद्रात गर्दी होती. पांढऱ्या दिव्याखाली एका घाईतल्या पोराने मशीन आईच्या कानात बसवलं आणि विचारलं, "आजी, ऐकू येतंय ना?" आई म्हणाली, "येतंय." पुढचा नंबर. बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला आई थबकली होती आणि तिने हात कानावर दाबून धरला होता. "सवय होईल," ती स्वतःच आईला म्हणाली होती, घड्याळ बघत. सवय होईल!

आता गंमत म्हणा नाहीतर नशीब म्हणा, ज्या योजनेतून आईला मशीन मिळालं तीच योजना त्या वेळी तिच्या ऑफिसच्या टेबलावर पडून होती. ती संशोधन-पुरावा विभागात होती. हे खातं काय करतं ते तिला कुणाला एका दमात सांगता आलं नव्हतं. भाऊ तिला 'चाळणी' म्हणायचा आणि ते नाव ऑफिसपर्यंत पोचलं होतं. आरोग्य समितीला एखादा निर्णय घ्यायचा असला की ती प्रश्न पाठवायची. मग जगभरात त्या प्रश्नावर जे संशोधन झालंय ते सगळं शोधायचं, चाळायचं, भरवशाचं कुठलं ते निवडायचं आणि त्यातून काय निघतं ते समितीला सांगायचं. या वेळचा प्रश्न होता: वय झालेल्या माणसांना कानाची मशीनं फुकट देऊन फायदा होतो का? समितीतल्या निम्म्या लोकांना योजना बंद करायची होती. ठरलेली पद्धत सरळ होती. ज्यांत चिठ्ठ्या टाकून एका गटाला मशीन दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं, असे अभ्यास घ्यायचे, त्यांचे आकडे एकत्र करायचे आणि एक सरासरी काढायची. एक प्रश्न, एक आकडा. उरलेले अभ्यास, म्हणजे ज्यांत म्हाताऱ्या माणसांशी बसून नुसतं बोललेलं होतं आणि आकडे नव्हते, ते तिने स्वतःच पहिल्या आठवड्यात बाजूला काढले होते. बेरजेच्या कामाचे नव्हते ना ते. तिचं मन या कामातून उडालं होतं ते याच सरळपणामुळे. इतकी वर्षं आकडे वर पाठवायचे आणि वरून मान हललेली बघायची. समिती मान हलवते, डायरेक्टरबाई मान हलवतात, अहवाल कपाटात जातो. त्या सकाळी साप्ताहिक बैठकीत टेबलाभोवतीच्या सगळ्या हलणाऱ्या माना बघताना तिला घाम फुटला. वाटलं, या खोलीत कुणाच्याही कानात मशीन नाहीये.

बैठक संपल्यावर तिने बाजूला काढलेला तो गठ्ठा ओढला आणि वाचायला बसली. कामासाठी नव्हे, पहिल्यांदा तरी नव्हे. ती आपल्या आईला शोधत होती. आणि आई पानापानावर होती. एक निवृत्त सुतार म्हणत होता, मशीन घातलं की माझं चावणं मला ऐकू येतं, बायको काही ऐकू येत नाही. एका बाईची बोटं थरथरायची, बॅटरी बसायची नाही, आणि सुनेपुढे हे कबूल करायची तिची तयारी नव्हती. एक जण म्हणाला, पुन्हा केंद्रात जाऊन काय सांगू, सगळ्यांना जमतं ते मला जमत नाही हे? एक बाई तर डॉक्टरांकडे जाताना तेवढं मशीन घालून जायची, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आपण नोकरी सोडण्याचा विचार दुपारपासून केलेला नाही. त्याच्या जागी दुसराच एक विचार हळूहळू बूड टेकवून बसत होता, आणि तो चांगलाच अस्वस्थ करणारा होता. आकड्यांच्या त्या अभ्यासांत 'मशीन दिलं' असं लिहिलेलं असतं. दिलं म्हणजे काय केलं?

संध्याकाळी ती आईच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. मशीन काढून आईच्या मांडीवर ठेवलं. आईने आधी मशीनकडे आणि मग तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी तिचं चोरून खाणं पकडलंय. मग स्वतःच ते कानात बसवलं, कपाळाला आठी घालून.

"का घालत नाहीस?" तिने विचारलं.

"त्यात तू नसतेस गं," आई म्हणाली. "पंखा असतो. ताटं-वाट्या असतात. खुर्ची सरकली की डोक्यात सरकते. माणसं कुठेतरी मागे असतात, पडद्याआड बोलल्यासारखी."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगू? सवय होईल म्हणालीस. मी आपली वाट बघत होते."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच ओटा पुसत राहिली. तिला रडू येत होतं, पण रडण्याच्या खाली, खूप खोल, एक वेगळीच खळबळ सुरू झाली होती. विहिरीत पोहरा पाण्याला लागला की दोराला हिसका बसतो, तसा हिसका.

विभागात आकड्यांचं काम बघणारा जो होता त्याला सगळे 'दशांश' म्हणत. 'साधारण' हा शब्द त्याच्या तोंडी कुणी ऐकलेला नव्हता. चहात साखर किती, तर दीड चमचा, सपाट. बरीच वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर होती आणि घरची माणसं भांडतात तशी ती दोघं भांडायची. दुसऱ्या दिवशी ती जागेवर बसते न बसते तोच तो म्हणाला, "पहिली बेरीज काल झाली. सांगू?"

"थांब!" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "एक अक्षर बोलू नकोस."

"अगं, आकडा आहे. साप नाही."

"मला सांगू नकोस, बाईंनाही सांगू नकोस. आधी माझं ऐक." आणि तिने त्याला सगळं सांगितलं. आईचं 'छान', चंद्र, कपाटातली डबी, तो सुतार, ती बॅटरीवाली बाई. छत्रीला तो मोठ्याने हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. "तुझ्या त्या अभ्यासांत एका ठिकाणी मशीन पेटीत घालून हातावर ठेवलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या ठिकाणी केंद्रातली बाई घरी गेलीय, आवाज कमी-जास्त करून दिलाय, बोटं धरून शिकवलंय. दोन्हीकडे लिहिलंय 'मशीन दिलं'. आणि तू त्यांची सरासरी काढतोस."

"सरासरी काढायलाच मला पगार देतात." तो खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे आईसाठी तू पद्धत बदलणार."

"आईमुळे. आईसाठी नाही."

"फरक तुला दिसतोय. समितीला दिसेल?"

"म्हणून तर आकडा ऐकत नाहीये! एक आई म्हणजे पुरावा नव्हे, एवढं कळतं मला. मी त्या मुलाखती नीट, पद्धतशीर वाचते. लोक मशीन का घालत नाहीत ते त्यातून काढते. त्यावरून नियम ठरवते, कुठला अभ्यास कुठल्या गटात घालायचा. नियम लिहून तुझ्या हातात देते. मग तू दोन्ही गटांची बेरीज कर. नियम करणारीने आकडे पाहिलेले नाहीत आणि आकडेवाल्याने नियम केलेला नाही."

दशांशने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. तो पटल्यावर असंच करायचा. "आणि दोन गटांत काहीच फरक नाही निघाला तर?"

"तर तसं छापू."

"मग माझं नाव वर नको."

"तुझं नाव वर होतं कधी?"

डायरेक्टरबाई इतक्या सहज ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या वाईट नव्हत्या, पण समितीचा फोन पहिल्या रिंगला उचलायची त्यांना सवय लागली होती. "समितीला एक आकडा हवाय," त्या म्हणाल्या. "आणि तू त्यांना गप्पा नेऊन देणार? मुलाखती कधी कुणी बेरजेला लावल्यात?" त्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते तिने आधी जुळवून ठेवलेलं नव्हतं. "बेरजेला नाही लावायच्या, बाई. बेरीज कुठे तोडायची ते त्यांना विचारायचंय. मशीन चालतं का, हे आकडे सांगतील. पण आपल्याला योजना चालवायची की बंद करायची ते सांगायचंय. तो वेगळा प्रश्न आहे. प्रश्न वेगळा तर पद्धत वेगळी." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, बदल आणि त्याचं कारण, आईसकट, आजच्या आज समितीला लिहून कळव. पहिल्या पानावर जुन्या पद्धतीचा आकडा येईल. आणि यातून काही निघालं नाही, तर समितीपुढे तू उभी राहशील, मी नाही. ती चालेल म्हणाली. दाराबाहेर आल्यावर ती थेट आपल्या टेबलापाशी गेली आणि समितीला पत्र लिहायला बसली.

पुढचे आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यांत भरगच्च आणि सगळ्यांत भीतीचे गेले. विभागाची ग्रंथपाल तेच अभ्यास स्वतंत्रपणे वाचत होती, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत दोघी आपापली टिपणं शेजारी ठेवून कचाकचा भांडायच्या. 'हे तू बघतेयस, बाई तसं म्हणत नाहीये' असं ग्रंथपाल म्हणाली की तिचा चेहरा गरम व्हायचा, कारण पुष्कळदा ते खरं असायचं. मला जे हवंय तेच मला ऐकू येतंय का? आईला ऐकू येत नव्हतं म्हणून ती अंदाजाने मान हलवायची. मी काय वेगळं करतेय? एखादं वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचायची, त्यातून आपला आवाज काढून टाकायची, आणि बोलणाऱ्याचा उरतोय का बघायची. कधी कधी काहीच उरायचं नाही. अशी वाक्यं तिने सोडून दिली, जड मनाने, लग्नाच्या यादीतून गाळाव्या लागणाऱ्या नातेवाइकांसारखी. पण जे उरलं ते टणक होतं. ग्रंथपालच्या बाजूनेही तेच, तिच्याही बाजूने तेच. माणसं मशीन टाकून देत नव्हती, ती एकटी पडत होती. पहिल्या काही आठवड्यांत आवाज नीट लावून द्यायला कुणी आलं तर मशीन कानात राहायचं, नाहीतर डबीत जायचं. यावरून तिने नियम लिहिला: मशीन दिल्यानंतर त्या माणसाशी ठरवून पुन्हा संपर्क साधला असेल तर तो अभ्यास पहिल्या गटात, नसेल तर दुसऱ्या. त्याच सुमारास तिने मशीन बसवणाऱ्या एका अनुभवी बाईंना घरी बोलावलं. त्या आल्या, आईशी आधी तिच्या कोर्टाबद्दल बोलल्या, मग स्वयंपाकघरात ताटं वाजवून बघितली, मशीन आपल्या यंत्राला जोडून काहीबाही फिरवलं. पहिल्या खेपेला आईने नाक मुरडलं. दुसऱ्या खेपेनंतर म्हणाली, "या बाईला निदान घाई नाही." त्याहून जास्त काही नाही. आणि लेकीने विचारलंही नाही. ती आईच्या खोलीपाशी मुद्दाम थांबायची नाही, दार अर्धं उघडं असलं तरी बघायची नाही. वाटायचं, आईला ऐकू यायला लागलं तर माझं वाचणं एका बाजूला झुकेल, नाही लागलं तर दुसऱ्या. एका घरात राहून आईचे कान तिने असे परक्यासारखे बाजूला ठेवले. ते सोपं नव्हतं.

दशांश आकडे घेऊन आला तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि बोटाने एकेक ओळ दाखवत गेला, आवाजात काही न आणता. सगळ्यांची मिळून सरासरी: फायदा जवळजवळ शून्य. दुसरा गट, नुसतं मशीन दिलेले: शून्यच. पहिला गट, पुन्हा संपर्क साधलेले, एकूण माणसांत मूठभर. इथे त्याचं बोट थांबलं. "बघ," तो म्हणाला. तिने पाहिलं. तिला आकडा समजायला क्षणभर वेळ लागला, कारण तो फार मोठा होता.

"चुकलायस कुठेतरी," ती म्हणाली.

"तीनदा तपासलंय. मलाही तसंच वाटलं." तो आता खुर्चीवर बसला. "वेगवेगळ्या अभ्यासांची अशी तुलना थोडी कच्ची असते, ते मी लिहिणारच. पण यातल्या तीन अभ्यासांनी तर मशीनवाल्यांचेही चिठ्ठ्या टाकूनच दोन गट केले होते, एकाला नुसतं मशीन, दुसऱ्याला मशीन आणि घरी येणारा माणूस. तिघांचंही उत्तर हेच. ते कच्चं नाही." मग तो किंचित घुटमळला. "एक घोळ आहे. तुझ्या पहिल्या गटात एक अभ्यास असा आहे, की त्यांनी पुन्हा संपर्क साधला, पण फोनवरून."

"म्हणजे?"

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन करून विचारलं, ऐकू येतंय का."

दोघं हसत सुटली, इतकी की पलीकडच्या खोलीतून ग्रंथपाल डोकावून गेली. दशांश डोळे पुसत म्हणाला, "हा काढला तर आकडा अजून देखणा होईल."

"नाही काढायचा."

"उघड उघड मूर्खपणा आहे तो."

"असू दे. नियमात मी 'संपर्क' लिहिलंय. आता आकडा बघून नियम बदलला तर मला हवं तेच मी ऐकलं, असं होईल." तसा तो फोनवाला अभ्यास पहिल्या गटात राहिला, सगळं मागे ओढत. आणि तरीही गट उभा होता. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तिला आपल्या हातापायांत एक अनोळखी हलकेपणा जाणवला. शाळेत असताना एकदा ती उंच उडीत सगळ्यांच्या पुढे गेली होती, आणि दांडी न पडता पलीकडे पोचल्यावर वाळूत पडल्या पडल्या आकाश बघत राहिली होती. इतक्या वर्षांत ती वाळू तिला आठवली नव्हती. आता पाठीला लागत होती, गरम आणि टोचरी.

समितीची खोली लांबट होती. टेबलही लांबट, पाण्याच्या बाटल्या एका ओळीत, आणि मध्ये एक माइक जो कुणी हात लावला की किंचाळायचा. अध्यक्ष जुने सर्जन होते. तिने पहिलं पान उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, चिरायचं की नाही, एवढं सांगा. बाकीचं मला वाचता येतं." तिने त्यांना जुन्या पद्धतीचा आकडा सांगितला. फायदा जवळजवळ शून्य. टेबलाच्या ज्या बाजूला योजना बंद करायची होती, त्या बाजूच्या माना हलायला लागल्या. तिने त्या हलू दिल्या. मग म्हणाली, "हा आकडा बरोबर आहे. पण तो कुणाचाच नाही." आणि तिने तो मधोमध तोडून दाखवला. सुतार सांगितला, डबीतली मशीनं सांगितली, नियम सांगितला आणि तो आकडे बघण्याआधी केलाय हे सांगितलं, फोनवाला मूर्ख अभ्यासही सांगितला आणि तो का काढला नाही ते सांगितलं. बोलताना तिला जाणवलं की कुणाचीच मान हलत नाहीये. सगळे तिच्याकडे बघत होते. एकाने पेन खाली ठेवलं होतं. तिच्या लक्षात आलं, माणसं ऐकत असतात तेव्हा अशी स्थिर होतात.

अध्यक्षांनी तिने पाठवलेलं पत्र पुढे ओढलं. "यात तुम्ही लिहिलंय की हे तुम्हाला तुमच्या आईवरून सुचलं."

"हो."

"समजा तुमच्या आईने मशीन नीट घातलं असतं, तर ही पद्धत निवडली असती?"

खोलीत कुणीतरी घसा खाकरला. डायरेक्टरबाईंनी टेबलाकडे नजर लावली होती. उत्तर अगदी तिच्या समोर होतं. "नसती निवडली," ती म्हणाली. "मी तुम्हाला पहिलं पान दिलं असतं, तुम्ही योजना बंद केली असती, आणि आपण चुकलो हे आपल्याला कधी कळलंही नसतं. म्हणून यापुढे हे आईवर सोपवू नये. कुठल्याही प्रश्नाला कुठली पद्धत लागेल, ते आधी बसून ठरवावं. तेवढा वेळ आम्हाला द्या."

अध्यक्षांनी पहिलं पान उलटलं. त्यांनी दुसरं पान वाचलं, तिसरं वाचलं. मग माइक जवळ घेतला. तो किंचाळला. त्यांनी तो वैतागून बाजूला ढकलला आणि नुसत्याच आवाजात म्हणाले, "योजना बंद करायची नाही. यापुढे मशीन एकटं जाणार नाही, त्याच्यामागून माणूस जाईल. आणि या बाई वेळ मागतायत तो त्यांना द्या." हात वर झाले. विरोधी बाजूचेही झाले, दोन सोडून. बाहेरच्या व्हरांड्यात दशांश उभा होता. त्याने निकाल विचारला नाही, तिच्या चेहऱ्यावरच तो त्याला दिसला असणार. डायरेक्टरबाई मागून आल्या आणि जाता जाता, न थांबता, म्हणाल्या, "पद्धत ठरवायची बैठक कधी आहे ते मला कळव. मी येणारेय." आणि मग दोन पावलांवर वळून, पहिल्यांदाच, मनापासून हसल्या.

ती चालत घरी आली. बस होती, पण तिला बसवेना. रस्ता आवाजांनी भरलेला होता आणि त्यातला एकही आज अंगावर येत नव्हता. सगळे आपापल्या जागी होते, ज्याचा त्याचा. जिना ती जवळपास पळत चढली. दार उघडल्या उघडल्या तिने मोठ्याने सांगायला सुरुवात केली, तशी आई वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली, "हळू बोल. घरात कुणी बहिरं नाहीये." ती उंबऱ्यात थांबली. आईच्या केसांची बट आज कानावरून पुढे आलेली होती आणि तिच्याआड काय आहे ते दिसत नव्हतं. बघायला जावंसंही तिला वाटलं नाही. ती पायातलं न काढता आईसमोर बसली आणि हळू, अगदी रोजच्या बोलण्यातल्या आवाजात, सगळं सांगायला लागली. आई ऐकत होती, मान न हलवता. मध्येच तिने हात वर केला.

"मग अध्यक्ष म्हणाले, योजना चालू राहील..."

"असं म्हणाले?"

"म्हणजे, तशा अर्थाचं."

"अर्थ ठेव बाजूला," आई म्हणाली. "शब्द सांग."

तिने शब्द सांगितले. माइक किंचाळला तोही सांगितला. आईने डोळे मिटून ते ऐकले, ओठ किंचित हलवत, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते तिने लहानपणी मागच्या बाकावरून पाहिलेलं नव्हतं, कारण तेव्हा आईची तिच्याकडे पाठ असायची. मग आई उठली, पदर सारखा केला आणि थेट शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेली. इकडे खुर्चीत बसून तिने बेल ऐकली, दार उघडल्याचं ऐकलं. "आमच्या चाळणीने आज समितीला गप्प केलं," आईचा आवाज भिंतीतून आला. "एक आकडा खोटा असतो, दोन काढावे लागतात, असं सिद्ध केलंय तिने." ते साफ चूक होतं. ती सांगायला उठणार होती, पण खुर्चीतून हलवेना. तिला इतकं हसू येत होतं की बुटाचा बंद सुटेना. पलीकडे आई अध्यक्षांच्या वाक्यापाशी आली होती आणि ते मात्र ती स्वच्छ, सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता म्हणत होती. "काय म्हणाले? काय म्हणाले?" शेजारीण विचारत होती. आणि आई, भर कोर्टात वाचून दाखवावं तशी, पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झाली.